नाथाजीरावांच्या माश्या आणि सुभेदारांचा कांदा

सुभेदारांच्या रानात सरकारी अनुदानाची तिसरी पाटी लागली, त्या दिवशी नाथाजीरावांनी पिठल्याचं ताट बाजूला सारलं आणि पोटात वायू धरलाय असं जाहीर केलं. वायूबियू काही नव्हता. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून अख्खी नोकरी काढलेला आणि डेपोच्या कँटीनची भजी पचवून निवृत्त झालेला माणूस. त्याचं पोट घरच्या पिठल्याने बिघडत नसतं. ते पाटीने बिघडलं होतं.

पाटी म्हणजे निळा पत्रा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत योजनेचं नाव आणि खाली ठसठशीत 'लाभार्थी : सुभेदार वीरधवल माने (निवृत्त)'. पहिली पाटी ठिबकची. दुसरी पॉवर टिलरची. टिलरसारख्या फिरत्या वस्तूला पाटी कशाला लागते हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण सुभेदारांनी ती रोवली होती, म्हणजे टिलर शेडमध्ये उभा असला तरी पाटी ड्युटीवर हजर. आणि आता तिसरी, शेततळ्याची. दुर्दैव असं की नाथाजीरावांच्या रानाकडे जाणारी वाट या तिन्ही पाट्यांवरूनच जात होती. वाचायचं नाही असं कितीही ठरवलं तरी डोळे पडले एसटीचे. आयुष्यभर गाड्यांच्या कपाळावरच्या पाट्या वाचलेले ते डोळे पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे सरकत नसत. जाताना तीनदा सुभेदार, येताना तीनदा सुभेदार.

बरं, हे सुभेदार कुणी परके असते तर एक वेळ सोसलं असतं. ते सख्खे साडू. नाथाजीरावांची बायको गोदावरी आणि सुभेदारांची नीलिमा या पलूसच्या दोघी बहिणी. सुभेदार मिलिटरीतून घरी आले तेव्हा जमीन शोधत होते, आणि कोरेगावजवळचं हे रान विकाऊ असल्याची खबर त्यांना खुद्द नाथाजीरावांनी दिली होती. 'घ्या सुभेदार, घरचा माणूस बांधाला असलेला बरा,' असंही वर म्हणाले होते. ते वाक्य आठवलं की नाथाजीरावांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

गोदावरीबाई शेततळं बघून आल्या. निळ्या प्लास्टिकच्या अस्तरात पाणी कसं आभाळासारखं दिसतं, काठाला नीलिमाने जास्वंद कशी लावलीय, हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि मग भांडी घासता घासता एवढंच म्हणाल्या, "निलीचं नशीब."

बाई दुसरं काही बोलल्या असत्या, अगदी टाकून बोलल्या असत्या, तरी चाललं असतं. पण हे दोन शब्द कानातून निघत नव्हते. नाथाजीरावांना साडूचा हेवा वाटत होता, आणि तो त्यांनी स्वतःपाशी कबूलही केला होता. शेततळं त्यांना नको होतं. त्यांच्या उसाला पाटाचं पाणी होतं. टिलर त्यांना चालवता आला नसता. त्यांना हवी होती सुभेदारांकडे नसलेली एखादी वस्तू, आणि तीही सरकारकडून. स्वतःच्या पैशाने कुणीही काहीही घेतो, त्यात मान कसला? सरकारने 'हा घ्या, लाभार्थी' म्हणून बोट दाखवलं पाहिजे, आणि ते बोट सुभेदारांनी येता-जाता वाचलं पाहिजे.

शेजारचे तानाजी गुरुजी सल्ल्याला बसलेलेच होते. गुरुजींनी स्वतः कधी कुठल्या योजनेचा अर्ज केला नव्हता, त्यामुळे त्यांचा या विषयातला आत्मविश्वास अबाधित होता. ते म्हणाले, एकाच वस्तूसाठी अर्ज करणारा माणूस फसतो. सोडत असते ती. पंगतीत बसल्यावर वाढप्याला 'फक्त जिलेबी' म्हणून कसं चालेल? पानात सगळं येऊ द्यावं. नाथाजीरावांना हे पटलं. पटायला नको होतं, पण हेव्याने जळणाऱ्या माणसाला कुठलाही सल्ला पटतो.

बाजारपेठेतल्या ऑनलाइन सेवा केंद्रात मयूरी नावाची चुणचुणीत मुलगी अर्ज भरून देत असे. तिने विचारलं, "काका, कशासाठी अर्ज करायचा?"

"आमच्या साडूला मिळालंय ते सोडून सगळ्यासाठी."

मयूरीला यात नवल वाटलं नाही. निम्मा तालुका असाच अर्ज करतो, असं म्हणून ती टिकमार्क करत सुटली. सर्व्हर बंद पडला, चालू झाला, पुन्हा बंद पडला. ओटीपी ज्या मोबाइलवर येत होता तो घरी, डाळीच्या डब्यावर. तो आणेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. मग अंगठा. नाथाजीरावांचा अंगठा मशीनवर काही केल्या उठेना. मयूरीने तो ओल्या फडक्याने पुसला, मग कोरडा केला, मग स्वतःच्या वेणीचं थोडं तेल लावायला दिलं. शेवटी ती म्हणाली, तुमच्या अंगठ्याच्या रेघाच गेल्यात, इथून पुढे तुमची ओळख चेहऱ्याने पटवायची. आपल्या चेहऱ्यावर नाथाजीरावांचा विश्वास होता. ते आनंदाने घरी आले.

पावसाळा सरता सरता मोबाइलवर संदेश आला : आपली निवड 'मधुमक्षिका पालन' या घटकासाठी झाली आहे. नाथाजीरावांनी तो ट्रॅक्टरच्या आशेने पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी गुरुजींनी अर्थ फोडून सांगितला.

"माश्या?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"मधाच्या," नाथाजीराव म्हणाले.

पण माणूस मुरलेला. गाडी रद्द झाली तरी प्रवाशांना ती जादा गाडी म्हणून सांगायची कला नोकरीत शिकलेला. दिवेलागणीच्या आत अख्ख्या गल्लीला कळलं की नाथाजीरावांना लहानपणापासून मधमाश्यांचं वेड आहे आणि सरकारने ते उशिरा का होईना ओळखलं.

सरकारी रीत अशी की आधी आपल्या पैशाने पेट्या घ्यायच्या, प्रशिक्षण घ्यायचं, मग साहेब येऊन फोटो काढणार, तुमची ओळख पटवणार, आणि त्यानंतर अनुदान खात्यात. शिवाय माश्या काही वर्षं जिवंत ठेवायच्या. मेल्या तर अनुदान परत. गोदावरीबाईंनी आपली ठेव मोडून दिली, पण देताना नवऱ्याकडे असं बघितलं की ते बघणं पावतीसारखं कायम लक्षात राहावं. प्रशिक्षणात नाथाजीराव पहिल्या रांगेत बसले. पेटी ठेवण्याआधी आसपास फुलोरा कुठे आहे, कुणाच्या रानात आहे, हे नीट बघा, असं शिकवणाऱ्या बाई बजावून सांगत होत्या. त्या वेळी नाथाजीराव आपली पाटी निळ्या रंगात करावी की सुभेदारांपेक्षा वेगळी म्हणून हिरव्या, या विचारात गढले होते.

पाटी हिरवी झाली. आणि ती सुभेदारांना दिसायची म्हणजे पेट्या कुठे हव्यात? सामाईक बांधावर, बाभळीखाली, शेततळ्याच्या बरोबर समोर. तिथेच त्या ठेवल्या गेल्या. बांधाच्या अलीकडे नाथाजीरावांचा ऊस, ज्यात मधमाशीने बघावं असं काहीही नसतं. बांधाच्या पलीकडे सुभेदारांनी त्या वर्षी बियाण्यासाठी कांदा लावला होता. थंडीत त्या कांद्याला गोंडे आले. पांढरे, गोल, वाऱ्यावर डोलणारे गोंडे, जिथवर नजर जाईल तिथवर.

नाथाजीराव रोज सकाळी पेट्यांशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागले. जुनी सवय. पेटीच्या दारातून माश्या सुटताना बघून त्यांना डेपोची आठवण येई. पण डेपोतून गाड्या चारी दिशांना सुटतात. इथे बघावं तर सगळ्या फेऱ्या एकाच मार्गावर, आणि तोही साडूच्या रानात जाणारा. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, माश्या नवीन आहेत, रस्ता शिकतील. त्या शिकल्या होत्याच.

एका सकाळी सुभेदार मिशीला पीळ देत बांधावर आले. गोंड्यांवर घोंगावणाऱ्या माश्यांकडे त्यांनी समाधानाने बघितलं. "नाथाजीराव, आपकी पलटन हमारे इलाके में हाय बगा. लय कडक काम. गेल्या साली माशीच न्हवती, तर गोंडं निम्मं फोल गेलं. ह्या साली पेट्या भाड्यानं आणणार हुतो. तुमी वाचिवलं."

नाथाजीराव हसले. ते हसू चेहऱ्यावर आणायला त्यांना काय कष्ट पडले ते त्यांचं त्यांना माहीत. पेट्या यांच्या, ठेव बायकोची, उन्हात बसणार हे, आणि बी भरणार साडूचं, तेही बिनभाड्याने.

मग त्यांनी उपाय सुरू केले. आमच्याकडे रानडुकरं येऊ नयेत म्हणून रानाभोवती जुनी लुगडी-साड्या बांधतात. त्याच न्यायाने नाथाजीरावांनी बांधावर साड्यांची भिंत उभी केली. डुक्कर साडीला भितं, माशी साडीवरून जाते, एवढाच फरक त्यांच्या ध्यानात आला नाही. वर गोदावरीबाईंनी बांधावर फडफडणारी आपली मोतिया साडी ओळखली, जी नीलिमाने त्यांना भाऊबीजेच्या वेळी माहेरी दिली होती. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देण्यासारखं नाही.

मग नाथाजीरावांनी चक्का जाम पुकारला. कांद्याचा फुलोरा ऐन भरात असतो तो सकाळच्या वेळी. म्हणून सकाळभर पेट्यांची दारं बंद, दुपारनंतर उघडायची. माश्या आत कोंडून तापू लागल्या. हेव्यापायी आपण आपल्याच मुक्या जिवांना छळतोय हे त्यांना समजत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण पलीकडे सुभेदार शीळ घालत फिरताना दिसले की वाईट वाटणं थांबायचं.

अशाच एका सकाळी कृषी सहायक बुद्धभूषण कांबळे यांचा फोन आला : निघालोय, पेट्या उघड्या ठेवा, फोटो काढायचाय. नाथाजीरावांची धांदल उडाली. इस्त्रीचा शर्ट घातला, तेल लावून भांग पाडला, आणि गाडीला किक मारून ते बांधावर पोचले. प्रशिक्षणात मिळालेली जाळीची टोपी हाताशी होती. पण टोपी घातली तर भांग मोडणार. त्यांनी टोपी बाभळीला अडकवली आणि कोंडलेल्या माश्यांची दारं तशीच उघडली.

पुढचं फार थोडक्यात उरकलं. बुद्धभूषण गाडीवरून उतरले तेव्हा त्यांच्या समोर इस्त्रीच्या शर्टात एक भोपळा उभा होता.

बुद्धभूषण शांत माणूस. त्यांनी आधी चौकशी केली, गोदावरीबाईंना फोन लावून दिला, चुना लावायचा की कांदा चोळायचा यावर थोडं बोलले. मग मोबाइल समोर धरला, कारण मार्च तोंडावर होता आणि त्यांनाही काम संपवायचं होतं. "काका, आता डोळे मिचकवा."

"मिटलेलंच हायत."

"मग उघडा."

"त्येच व्हईना झालंय."

मोबाइलने बराच विचार केला आणि चेहरा जुळत नाही असं कळवलं. नाथाजीराव कधी डावीकडून उभे राहिले, कधी उजवीकडून. मोबाइल आपल्या मतावर ठाम होता. अंगठा तर आधीच बाद. आता उपाय एकच, बुद्धभूषण म्हणाले : पंचनामा करू, हाच लाभार्थी आणि याच त्याच्या माश्या, असं बांधाशेजाऱ्याने लिहून सही करायची. बांधाशेजारी कोण आहे?

सांगायची गरजच पडली नाही. सुभेदार बांध ओलांडून येतच होते. त्यांनी पंचाची भूमिका फार मनावर घेतली. हात मागे बांधून समोर उभे राहिले आणि नाथाजीरावांना खालीवर न्याहाळलं. "सूरत से पहचान मुश्किल हाय, साहेब. पण आवाज आमच्या साडूचाच. देतो सही."

सही झाली. मग माश्या कामावर असल्याचा फोटो हवा होता, आणि पेट्यांपाशी तर आता एकही माशी थांबायला तयार नव्हती. सुभेदार म्हणाले, चला, दाखवतो कुठं हायत. अशा रीतीने नाथाजीरावांचा लाभार्थी म्हणून फोटो निघाला तो साडूच्या कांद्यात : सुभेदार ताठ, मिशा वर, आणि शेजारी एक सुजलेला, ओळख न पटलेला इसम. सुभेदारांनी तो फोटो लगेच पलूसच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. निम्म्यांनी सुभेदारांचं कांद्याबद्दल अभिनंदन केलं आणि उरलेल्यांनी शेजारी कोण आजारी गृहस्थ आहेत, त्यांना वेळेत मिरजेला दाखवा, असं कळवलं.

सूज उतरली, मध निघाला. नाथाजीरावांनी बोट बुडवून चाखला आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला. मधाला कांद्याचा वास येत होता. काही दिवस ठेवला की वास उडतो, असं बाईंनी प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणे, पण ते तेव्हा पाटीच्या रंगात होते. गोदावरीबाईंनी तोवर गल्लीभर बाटल्या वाटूनही टाकल्या होत्या. तानाजी गुरुजींनी अभिप्राय दिला की मध उत्तम आहे, थालीपिठाशी चालेल. तिकडे सुभेदारांचं बी असं भरलं की पोती शिवायला दोरा कमी पडला. आणि गोदावरीबाई पुन्हा म्हणाल्या, "निलीचं नशीब." या खेपेला ते नशीब नाथाजीरावांनी स्वतःच्या हाताने घडवलेलं होतं.

पावसाळ्यात फुलं नाहीत, म्हणून माश्यांना साखरेचं पाणी पाजावं लागलं. नाथाजीरावांचा ऊस कारखान्याला जायचा, त्याची साखर दुकानात यायची आणि तीच विकत आणून ते माश्यांना घालायचे. पण आता त्यांचा जीव माश्यांत गुंतला होता. कोंडण्याचं पाप त्यांनी पुन्हा केलं नाही. जाळीची टोपी घालून ते पेट्यांशी बोलतसुद्धा, कुणी आसपास नसलं तर.

आणि दसऱ्याच्या तोंडावर तो दिवस उजाडला. मोबाइल वाजला : अनुदान खात्यात जमा. नाथाजीरावांनी गोदावरीबाईंना सांगितलंसुद्धा नाही. ठेवणीतला शर्ट चढवला आणि गाडी काढली. हा संदेश सुभेदारांना दाखवायचा, तोही मुद्दाम नाही. घड्याळ बघायला मोबाइल काढलाय आणि सहज नजरेस पडलाय, असा. वाटेत ते त्याची रंगीत तालीम करत होते.

बांधावर पोचून बघतात तर पलीकडे पॉवर टिलर फिरून रान भुसभुशीत झालेलं, सऱ्या पाडलेल्या, आणि बांधालगत उसाच्या बेण्याच्या मोळ्या. यंदा सुभेदार कांदा लावणार नव्हते. ऊस लावत होते.

पहिला क्षण नाथाजीरावांना निखळ आनंद झाला. बसा आता. कुठलं बी आणि कुठली पोती. दुसऱ्या क्षणी त्यांची नजर पेट्यांकडे गेली. अलीकडे ऊस. आता पलीकडेही ऊस. मैलभर सगळीकडे हिरवंगार आणि एका फुलाचा पत्ता नाही. थंडीत या माश्या जाणार कुठे, खाणार काय? माश्या गेल्या की अनुदान परत, गोदावरीबाईंची ठेव बुडाली, आणि हिरवी पाटी रिकाम्या खोक्यांवर उभी. पण खरं सांगायचं तर पैशाचं त्यांना नंतर सुचलं. आधी डोळ्यांपुढे आलं ते पेटीच्या दाराशी सकाळी सुटायला जमलेलं ते भुकेलं लटांबर.

सुभेदार शेततळ्याच्या काठावर बसले होते. नाथाजीराव त्यांच्यापाशी गेले. मोबाइल खिशातच राहिला.

"सुभेदार, ऊस नका लावू. कांदाच लावा."

"का ओ?"

"तुमचं लय चांगलं झालं हुतं कांद्यात. आणखी चांगलं व्हावं."

साडूचं भलं व्हावं असं नाथाजीरावांना इतक्या कळकळीने आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सुभेदारांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून घेतलं. मिशी आज पिळाशिवाय होती. "नाथाजीराव, आपसांत म्हणून सांगतो. मी तुमच्याकडं बगून जळतो."

"माझ्याकडं?"

"तर. कांद्यात वाकून वाकून माझी कंबर गेली. तळ्यात कुणाचं कोकरू पडंल ह्या घोरानं जेवण ग्वाड लागंना. टिलर रोज नवा पार्ट मागतो. आणि तुमी सकाळी बगावं तवा बांधावर खुर्ची टाकून. ऊस आपला आपण वाढतोय, माश्या आपलं आपण काम करत्यात, तुमी निवांत. मनलं आपण बी ऊस लावावा आन् खुर्ची टाकावी. ती नीलिमा तर घरात सारखं म्हणती, ताईचं नशीब."

नाथाजीराव खाली बसले. "काय म्हणती?"

"ताईचं नशीब."

"सारखं?"

"भांडी घासायला बसली की चालू."

वाऱ्याने तळ्याचं पाणी हललं. नाथाजीरावांच्या पोटात गेली काही वर्षं ठाण मांडून बसलेलं काहीतरी त्या क्षणी उठून चालतं झालं. मग फार ताणाताण झाली नाही. पेट्यांकडच्या निम्म्या रानात सुभेदारांनी कांदा लावायचा, निम्म्यात ऊस, आणि बाभळीखाली नाथाजीरावांनी आणखी एक खुर्ची टाकायची, एवढ्यावर तह झाला.

घरी जाताना तिन्ही पाट्या वाटेवरच होत्या, पण त्या दिवशी नाथाजीराव वाचायचे विसरले. संध्याकाळी त्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं आणि वर भाकरीला कांद्याच्या वासाचा मध लावून खाल्ला. गोदावरीबाईंनी विचारलं, आज काय एवढं, अनुदान जमा झालं का?

"झालं असंल," नाथाजीराव म्हणाले आणि बोट चाटलं. "तुझ्या बहिणीला मात्र जरा समजावून सांग. माणसानं दुसऱ्याचं चांगलं बगून असं जळू नये. तब्येतीला बरं नसतं ते."